शनिवारी दुपारी बाराला एक सेकंद

ग्रेबेल, आयोवा
सोमवार

आदरणीय लाव्हॉनताईस हार्लनचा नमस्कार.

आपला फुटबॉलचा सामना अजून संपलेला नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेच्या, कचेरीतल्या मिसेस ओल्टमन्स यांनी आज सकाळी मला फोनवर सांगितलं, आणि मी पुन्हा विचारल्यावर तेच जरा सावकाश सांगितलं. एक सेकंद शिल्लक आहे आणि तो येत्या शनिवारी दुपारी बारा वाजता आपल्याच मैदानावर खेळायचा आहे. तुझा गुडघा कसा आहे? मक्याची काढणी आटोपली असेलच. ड्वेनभावजींची पाठ ठीक असावी (या पाठीबद्दल मला विशेष उत्सुकता आहे, पण ते पुढे).

गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. एल्डरविक कॉलेजने कॉन्फरन्सचं अजिंक्यपद याआधी जिंकलं तेव्हा तू तिसरीत होतीस आणि मी पाळण्यात. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं चषकाच्या कपाटात कोणीतरी जुने हातमोजे ठेवत आलंय. परवा शेवटच्या मिनिटाला आपण एकवीस आणि सेंट ऑडेल एकोणीस. ते चेंडू घेऊन आपल्या हद्दीत बरेच आत आलेले. तिथून एक किक गोलपोस्टच्या दोन दांड्यांमधून गेली असती, तर तीन गुण त्यांचे आणि चषक त्यांच्या बसमध्ये. पण घड्याळावर शून्य उमटलं (घड्याळ मीच चालवतो हे तुला माहीत आहेच, यंदा एकोणिसावं वर्ष) आणि सगळं गाव मैदानात उतरलं.

जिंकल्यावर गोलपोस्ट पाडायचे असतात हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. पण आपल्याला इतक्या वर्षांत सराव राहिला नव्हता, त्यामुळे जरा जास्तच झालं. एक पाडून लोक थांबतात; आपण चौदा मिनिटांत दोन्ही पाडले. दातांच्या डॉक्टर मिसेस हेम्के आडव्या दांड्यावर चढून बसल्या होत्या. खालून पास्टर क्रूसे सांगत होते, "डावीकडून रेटा, देवाच्या नावानं डावीकडून." या सगळ्यात मुख्य पंच हात उंच करून मैदानाच्या मधोमध उभे होते. लोकांना वाटलं, त्यांनाही आनंद झालाय. दोघातिघांनी त्यांना मिठी मारली.

ते बिचारे खेळ थांबल्याची खूण करत होते. सेंट ऑडेलच्या प्रशिक्षकांनी एक सेकंद उरलेला असतानाच खेळ थांबवायला वेळ मागून घेतला होता म्हणे. म्हणजे एक किक त्यांच्या हक्काची. मैदान रिकामं करायला अर्धा तास गेला. मग प्रशिक्षकांनी समोर पाहिलं आणि विचारलं, "पंचसाहेब, किक मारू कशातून? त्या चर्चच्या दारातून?"

"मी पंच आहे," पंच म्हणाले, "सुतार नाही."

"तोंड फिरवा की," आपला एल्रॉय वेल्डर गर्दीतून ओरडला, "पलीकडचा वापरा." सगळ्यांनी पलीकडे पाहिलं. पलीकडचा फाटकातून बाहेर निघाला होता.

आता निकाल असा. शनिवारी बाराच्या आत एक तरी गोलपोस्ट उभा हवा. नसेल तर सामना सेंट ऑडेलचा, न खेळता. नवीन मागवला तर कारखाना सहा आठवडे म्हणतो. जुन्यांपैकी एकाचे तुकडे झाले. त्यातला एक आज सकाळी न्हाव्याच्या दुकानात कोट टांगायला लावलेला पाहिला. दुसरा अखंड आहे, पण कुठे आहे कोणाला माहीत नाही. डीनबाईंनी जाहीर केलंय की परत आणणाऱ्याला एकही प्रश्न विचारणार नाही. एल्रॉयला तो गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळाला, तर शुक्रवारभर वेल्डिंग करून उभा करतो म्हणाला. ज्याने पाडताना सर्वांत जास्त जोर लावला त्यालाच हे काम, याचं त्याला काही वाटत नाही.

बाकी सर्व क्षेम. एका गोष्टीचं मात्र मला राहून राहून कुतूहल वाटतं. ड्वेनभावजी सामन्यानंतरच्या जेवणाला थांबले नाहीत. चर्चच्या हॉलमध्ये खिमा-राजम्याची चिली होती आणि तिच्यासोबत दालचिनीचे रोल होते, ताजे. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात दुसऱ्या रोलसाठी फोटो थांबवला, तो न खाता गेला, आणि तोही गवताच्या गठ्ठ्यांची लांब ट्रॉली घेऊन, जी फुटबॉल बघायला आणायचं काही कारण मला सुचत नाही.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत राहा.

तुझा धाकटा भाऊ,
हार्लन

ता. क. तुमच्या मागच्या शेडमध्ये, गवताखाली, उजव्या भिंतीला लागून पाहा. पिवळा आहे. तो गुरुवारपर्यंत पाठव, आणि मुख्य म्हणजे भावजींना करवत लावू देऊ नकोस. त्यांनी चर्चमधल्या अकरा जणांना एकेक फुटाचा तुकडा कबूल केलाय. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन तेच उचलतात.

आणखी ता. क. मला हे कसं माहीत, असं तू विचारशील. मागचं टोक माझ्या खांद्यावर होतं.

शेवटचा ता. क. सेंट ऑडेलच्या प्रशिक्षकांचं बरोबर आहे. त्यांनी वेळ मागितला तेव्हा घड्याळावर एक होता, आणि बटणावर माझं बोट नव्हतं. जिंकलो असं धरून मी मैदानाकडे धावत जिन्यात होतो. आज मिसेस ओल्टमन्सना मी हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या की शनिवारी घड्याळ मीच चालवावं, दुसरं कोणी मिळत नाही. हवामानवाले पश्चिमेचा जोराचा वारा सांगतात. किक एक्केचाळीस यार्डांची आहे आणि त्यांच्या पोराने या मोसमात एवढ्या लांबून एकदाही साधलेली नाही. एकोणीस वर्षांत माझी नजर घड्याळावर असल्यामुळे शेवट कधी बघायला मिळाला नाही. या वेळी चेंडू हवेत असतानाच माझा सेकंद संपेल, आणि मग मी मान वर करून बघणार आहे.