एकास वीस प्रमाणातलं जंगल

ती. स्व. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजी अजून रेडिओ लावूनच झोपतात का? मी मजेत आहे. दोन वर्षं पत्र नाही म्हणून रागावली असशील, पण मला खरंच श्वास घ्यायला फुरसत नाही. (पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत भरपूर होती. ते सोडून दे.)

त्याचं असं झालं, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडी आहे. तिथे पंधरा दिवस ‘वर्षावन’ हा विषय होता. म्हणजे तीन-चार वर्षांच्या पोरांनी कागदी बशांचे बेडूक आणि अंड्यांच्या खोक्यांच्या मगरी करायच्या, आणि करता करता रंग, आकडे, लहान-मोठं असं सगळं शिकायचं. चित्रं काढणाऱ्या बाई नेमक्या रजेवर. तेव्हा मोठ्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, की आजोबा, तुम्ही नकाशे काढायचात ना, मग आमच्या भिंतीवर जंगल काढून द्याल का? मी म्हटलं, डायरी बघून सांगतो. वर आलो, डायरी बघितली (तिच्यात दाढ काढल्याची तारीख सोडून काही नाही) आणि लगेच खाली गेलो. खरं सांगू? ही गेल्यापासून घरात माझ्याशी बोलतो तो फक्त कुकर. पंधरा दिवसांनंतरही त्यांनी मला ठेवून घ्यावं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. म्हणून म्हटलं, कामात कसर ठेवायची नाही. तिथेच घोटाळा झाला.

अडतीस वर्षं पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढलेला माणूस मी. जंगल काढायचं तर आधी मोजमाप. पुस्तकात पाहिलं तर झाड चाळीस मीटर. एकास वीस प्रमाण धरलं, दोन मीटर झालं. जंगलाचे चार मजले असतात, तेही रीतसर आखले. पोपट सगळ्यात वर, त्याखाली माकडं, आणि जमिनीपर्यंत ऊन जवळजवळ पोचतच नाही, म्हणून खालचा मीटरभर पट्टा मी मन लावून काळा केला. त्यात मुंग्या काढल्या, त्याही प्रमाणात, म्हणजे दिसणार नाहीत अशा. कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला, खाली ‘सर्व मापे मिलिमीटरमध्ये’ असं लिहिलं. चार दिवस खपलो. मग पोरं आत आली. त्यातलं एकही मीटरभर उंच नाही. पहिल्या पोरीने विचारलं, लाइट गेले का? दुसरीने भोकाड पसरलं, आणि ती रडते म्हणून उरलेल्या अकरा जणांनीही.

बाईंनी सगळ्यांना अंगणात नेलं. पोरं घरी गेल्यावर मी त्यांच्या इवल्याशा खुर्चीवर बसलो (बसलो कसला, अडकलो) आणि त्यांच्या उंचीवरून भिंत पाहिली. नुसता काळोख, आणि सगळी गंमत डोक्यावर कुठेतरी. मला एकदम आपल्याच घरात आल्यासारखं वाटलं. ताई, मी तिथे रडलो. उठलो तो खुर्चीसकट. ती बाईंनी मागून ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ताटलीत हिरवा रंग कालवला आणि पोरांना सांगितलं, तळहात बुडवा आणि काळ्यावर पानं उमटवा. झालं! पानं उमटली, मग पोरांनी माकड मुळाशी चिकटवलं, मगर फांदीवर, आणि एका पोरीने पोपट थेट माझ्या मुंग्यांत. मी दोनदा सांगितलं, की अगं, पोपट खाली राहत नाही. ती पोरगी म्हणाली, “त्याला खाली आवडतं.” मी पोपट तिथेच राहू दिला. वर तिने माझा हात धरून रंगात बुडवला, भिंतीवर दाबला, आणि नळाखाली स्वतः धुऊन दिला, एकेक बोट मोजत. अंगठा दोनदा मोजला, त्यामुळे सहा झाली. मी दुरुस्त केलं नाही. माझा हात कोणी हातात घेतल्याला दोन वर्षं झाली होती.

काल वर्षावन संपलं. रोज सकाळी याल का, असं बाईंनी विचारलं आणि एक फॉर्म दिला. तो महिनाअखेरपर्यंत पूर्ण भरून द्यायचा, त्याशिवाय बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. मी म्हटलं, बघतो. तसं काही ठरवलेलं नाही. माझ्यामागे कामं फार. असो. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा (अतिशय व्यग्र)
धाकटा

ता. क. ठरवलं ते जिन्यातच. वर येऊन चपलासुद्धा न काढता फॉर्म भरायला बसलो.

आणखी एक ता. क. त्यात एक ओळ आहे, ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे’. सवयीने हिचं नाव लिहिलं, मग खोडलं. शाई सांडली असं सांगून दुसरा फॉर्म मागून आणला. त्यावरही तेच झालं. तिसरा तसाच ठेवलाय. ही गेली तेव्हा तू मला न्यायला आली होतीस, आणि मला कोणाची गरज नाही, असं म्हणून मी तुला दारातूनच परत पाठवलं. चुकलो मी. त्या ओळीवर तुझं नाव लिहू का? तुला काही करावं लागणार नाही. कधी फोन आलाच, तर ‘हो, आमचाच आहे तो,’ एवढं म्हण.