धुराचा ध

ढोकी

प्रिय सुजाता,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, सगळं हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहायला बसले.

आधी आमच्या श्रावस्तीची बढाई ऐक. परवा शाळेत सगळ्यांसमोर तिनं धडा वाचला. अडखळत, ओळीवर बोट ठेवून, पण अख्खा! ह्यांनी कारखान्यात पेढे वाटले. आपल्याच लेकीचं कौतुक करू नये म्हणतात, पण मी करणार.

दुसरीत असताना ती 'घाराशिव' लिहायची, आठवतं? किती हसलो होतो आपण. जिल्ह्याचं नाव नवं, म्हाताऱ्यांचंबी चुकतं, म्हणून सोडून दिलं. तिच्या वर्गाच्या राजशेखर सरांनी मात्र सोडलं नाही. तोंडी विचारलं की पोरगी तडातडा सांगायची, पण फळ्यावरचं उतरवून घेताना तिला घाम फुटायचा. 'भ'चा 'म' व्हायचा, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हेनं. सरांनी मागं लागून धाराशिवला तपासायला पाठवलं. तिथं डिस्लेक्सिया निघाला. हे लई भडकले, आमच्या घराण्यात कुणी ढ न्हाय म्हणून! डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, ढ नाहीच ती, हुशार आहे. अक्षरं तेवढी वेगळ्या पद्धतीनं शिकवा.

मग काय, रोज भाकरीच्या आधी परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं आणि त्यात बोटानं अक्षरं गिरवायची. एक दिवस तीच म्हणाली, आई, घ घराचा, म्हणून त्याला पुरं छप्पर. ध धुराचा, म्हणून वरनं उघडा. अगं, मी बघतच राहिले! आता सर सगळ्या वर्गाला तसंच शिकवतात.

आता मुद्द्याचं सांगते, रागावू नकोस. सुट्टीत तुझा अमरदीप पुस्तक धरून फडाफडा वाचत होता, तेव्हा तू केवढी फुलली होतीस. तुम्ही गेल्यावर श्रावस्ती मला म्हणाली, आई, अमरदीप वाचत न्हाय, पाठ म्हणतोय. पान उलटायचं राहिलं तरी थांबला न्हाय. मीबी आधी असंच करायची. सुजाता, आपल्या एवढ्या मोठ्या माणसांच्या ध्यानात आलं नाही, ते माझ्या पोरीनं ओळखलं. तो अजून पहिलीतच आहे, वेळ गेलेली नाही. त्याला घेऊन ये, धाराशिवला जाऊन तपासू. श्रावस्ती सोबत येणार म्हणते, तो एकटा घाबरेल म्हणून.

तुझीच,
गौरीअक्का