पांढरीची माती आणि चौलचं खापर

गुरुजी, परवा चौलला जाऊन आलो. सातवीच्या वर्गात तुम्ही ज्या बंदराबद्दल तास संपला तरी बोलत राहायचा, तिथं आता खाडीत गाळ आहे आणि कडेनं नारळ-सुपारीच्या वाड्या. सातवाहनांच्या काळी तिथले व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांना दान देत, शिलाहारांच्या वेळी अरबांची गलबतं लागत, निजामशाहीत घोडे उतरत, मग पोर्तुगीज आले, हे मला अजून पाठ आहे. चिखलाकडे बघत उभा राहिलो आणि आपली शेळगावची पांढर आठवली.

जुनं गाव मोडून झालेलं शाळेमागचं ते राखट मातीचं टेकाड. तिथं तुम्हाला निळसर झिलईचं खापर सापडलं. "हे आपल्या कुंभाराचं न्हाय," तुम्ही म्हणालात. "चौलला उतरलं, बैलाच्या पाठीवर घाट चढलं आन् हितं फुटलं. आपलं गाव त्या वाटंवर हुतं." एका खापरावर कोण विश्वास ठेवणार? टेकाड खणून बघा म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं सरकारी खात्याला अर्ज केलेत.

पांढरीची माती डाळिंबाला मानवते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आबा म्हणायचे, "मेलेल्या गावाची माती हाय, तिच्यावानी खत न्हाय." खात्याची माणसं येणार असं कळलं, तेव्हा वाटलं, एकदा कुंपण पडलं की माती हातची गेली. आदल्या आठवड्यात मी ट्रॅक्टर लावला आणि माती आमच्या डाळिंबाच्या बागेत नेऊन टाकली. साहेब आले तेव्हा तिथं खड्डा होता. तुम्ही काठीनं त्याची कड उकरताय, साहेब घड्याळ बघताहेत.

"कुणी नेली रं?" तुम्ही मलाच विचारलंत.

"ठावं न्हाय, गुरुजी."

पुढच्या बहाराची पहिली पाटी घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही अंथरुणाला खिळला होता. चार दाणे तोंडात टाकलेत, बराच वेळ चावलेत. "पांढरीची गोडी हाय ह्याला," एवढंच म्हणालात, आणि मला कपाटातलं ते खापर काढायला लावलंत. "ठेव तुझ्याकडं." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्याभरात तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक सांगून टाकतो. त्या खड्ड्याच्या कडेला, तुम्ही काठीनं उकरत होतात तिथं, दोन ट्रॉल्या माती उरली होती. तुमचं तेरावं झालं आणि तीही मी उचलली.