समोरच्या खिडकीची खोली

ता. २ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीच्या टपालपिशवीतून आलेलं पत्र काल तुझ्या बायकोनं आणून दिलं. बसली, चहा घेतला आणि जाताना माझ्या पासपोर्टचे फोटो कधी काढायचे ते विचारून गेली. म्हणजे तुम्हा दोघांचं आधीच ठरलेलं आहे, मला फक्त कळवायचं बाकी होतं. फोनवर बोललास तर मला अर्धंच ऐकू येतं आणि तू ओरडतोस, म्हणून पत्रातच सांगते. परदेशात सुट्टीला जायची मला हौस नाही. हे गेल्यापासून मी औषधाच्या दुकानापलीकडे गेलेली नाही, आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

पण तुझी बायको वर्षभर एकटी राहिली आहे, आणि मी आले नाही तर तीही यायची नाही, हे मला तिनं न बोलता बरोबर कळवलंय. त्या परक्या गावात तू दवाखान्याच्या लिफ्टा बसवतोयस, काम एप्रिलपर्यंत संपेल म्हणतोस, तर हॉटेल तूच डोळ्यांनी बघून ठरव. चित्रं बघून खोली घेऊ नये. मला जिने चढवत नाहीत. न्हाणीघर खोलीतच हवं. आजूबाजूला वस्ती असावी, सकाळी माणसं येता-जाता दिसावीत. गुळगुळीत काचेचं, सगळीकडे एकच वास मारणारं हॉटेल नको; तसल्या इमारतीत मी तीस वर्षं नोकरी केली आहे.

वजन वाढलंय असं ऐकलं. लिफ्ट बसवणाऱ्यानं अधूनमधून जिनाही चढावा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का


ता. १६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तू येणार, हे वाचून मी इतका खूश झालो की माझ्याबरोबरच्या फिटरनं मला पगारवाढ मिळाली का म्हणून विचारलं. लगेच कामाला लागलो.

पहिलं स्टेशनसमोर पाहिलं. सोयीचं आहे, विमानतळाची गाडी दारातून सुटते, पण खिडकी उघडली की बॅगांची चाकं ऐकत बसायचं. (तुला त्याचा त्रास नाही म्हणा.) दुसरं नदीकाठचं. देखणं, पण तिथं राहणारे सगळे पाहुणेच. बारा महिने लग्नाचा हॉल असावा तसं वाटतं. तुझ्या भावजयीला आवडेल, तुला दोन दिवसांत कंटाळा येईल.

तिसरा भाग टेकडीच्या पायथ्याशी. ट्रामचा शेवटचा थांबा. अरुंद रस्ता, खाली बूटदुरुस्तीचं दुकान, एक बेकरी, एक कपडे धुऊन देणारी बाई. हॉटेल लहान आहे आणि चालवते एक वयस्क मालकीण. लिफ्ट आहे, जुनी, ओढायच्या जाळीच्या दाराची. मी वर चढून मोटर बघितली. इतकी नीट ठेवलेली लिफ्ट मी नव्या इमारतींतही पाहिली नाही. बहीण आणि बायको येणार आहेत एवढंच मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. मालकिणीनं केस पिकल्याची खूण केली आणि थेट चौथ्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली उघडून दिली. मोठी बहीण खिडकीशी बसेल, असं म्हणाली. मोठी हे मी सांगितलं नव्हतं बहुतेक. चेहऱ्यावरून कळलं असेल, मी लाडावलेला दिसतोच.

दोन रात्री स्वतः राहून बघितलं. शांत आहे. आणि एक गंमत सांगतो. समोरच्या इमारतीच्या खिडकीत सकाळी एक गृहस्थ येऊन बसतात. चष्मा काढतात, काचेवर फुंकर घालतात, सदऱ्याच्या टोकानं पुसतात आणि मान डावीकडे कलती करून उजेडासमोर धरतात. अगदी आपले भाऊजी दुकानात गिऱ्हाइकाचा चष्मा देण्याआधी धरायचे तसं. मला एकट्यालाच हसू आलं.

आता तू सांगशील ती खोली घेतो.
तुझ्या मायेचा धनी,
टिल्लू


ता. १ मार्च

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

पिशवी उद्या सुटणार म्हणून घाईत लिहिते.

चष्मे वापरणारी माणसं चष्मे पुसतातच. मी आयुष्य वॉर्डात काढलंय. गेलेलं माणूस गेलेलं असतं, हे मला कोणी शिकवायला नको. ह्यांचे डोळे मी माझ्या हातांनी मिटलेत.

तरी एक विचारते, आणि का विचारते ते मला विचारू नकोस. पुसून झाल्यावर तो माणूस चष्मा कुठं ठेवतो? डोळ्यांवर लावतो, की आणखी काही करतो? नीट बघून लिही. आपल्या मनानं काही घालू नकोस.

तुझ्या बायकोचे फोटो चांगले आले, माझे पोलिसांत लावण्यासारखे आलेत. खोली ती समोरच्या खिडकीचीच घे.

अक्का


ता. १५ मार्च

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी दोनदा फाडलं. तू म्हणालीस मनाचं घालू नकोस, म्हणून घडलं तसं लिहितो.

तुझं पत्र मिळाल्यावर सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या ट्रामनं गेलो. मालकिणीनं काही न विचारता किल्ली दिली. उजाडल्यावर ते आले. चष्मा पुसला, उजेडासमोर धरला. मग तो कपाळावरून डोक्यावर चढवला, आणि थोड्या वेळानं टेबलावर, खिशात, खुर्चीखाली चष्मा शोधू लागले. शोधताना ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा मी त्यांना समोरून बघितलं. अक्का, शेवटच्या आजारातला चेहरा नव्हता. गालांवर मांस होतं.

मी हाक मारली. काय हाक मारली ते लिहायची गरज नाही. त्यांना ऐकू गेलं नाही. मी तसाच धावत खाली उतरलो, रस्ता ओलांडला.

समोरच्या दाराला फळ्या ठोकलेल्या होत्या. बूट शिवणाऱ्याला विचारलं, तो खांदे उडवून आत गेला. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या आमच्या इंजिनिअरला विचारलं, कारण त्या भागातली जुनी कामं तोच बघतो. तो म्हणाला, त्या इमारतीत आता काही नाही. आतलं लाकूड कुजलं म्हणून गेल्या वर्षीच मजले उतरवले. जुनी दर्शनी भिंत तेवढी पाडायची नाही असा नियम आहे, म्हणून ती टेकू लावून उभी ठेवली आहे. माझा विश्वास बसेना म्हणून त्यानं मला मागच्या गल्लीतून आत नेलं. आत गवत आहे, अक्का. वर आकाश. चौथ्या मजल्याची खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक आहे आणि तिला आतून पाय ठेवायला वीतभर जागा नाही. मी उंचीवर काम करणारा माणूस आहे, खोल खड्ड्यांत लोंबकळत पोट भरतो. त्या गवतात उभं राहून वर बघताना मी इंजिनिअरचा दंड धरला.

मी स्टेशनसमोरच्या खोल्या पक्क्या केल्यात. चाकांचा आवाज परवडला. तुझ्या भावजयीला यातलं काही सांगितलेलं नाही. मागशील ते देईन, पण ती खोली मागू नकोस.

माझ्यावरचा जीव तसाच असू दे.
टिल्लू


ता. २९ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

बरं केलंस. स्टेशनसमोर सोयीचं पडेल. एवढा घाबरू नकोस. परक्या देशात एकटं राहून, अवेळी खाऊन माणसाला काहीही दिसतं. मी पाहिलेत असे पेशंट. दूध घेऊन झोपत जा.

तुझी बायको रोज एक स्वेटर बॅगेत टाकते आणि दुसऱ्या दिवशी काढते. मीही एक मफलर विणायला घेतलाय. भेटीत बोलूच.

तुझी अक्का


ता. ११ मे

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघी सुखरूप पोचल्याचं कळलं. तुम्ही गेल्यावर खोली फार मोठी वाटू लागली. तुझी भावजय अजून नदीचंच बोलते का? तू आठवडाभर जेवलीस, हिंडलीस, म्युझियममधल्या रखवालदाराला पायावर पाय टाकून बसू नकोस, शिरा फुगतात म्हणून खुणेनं सांगितलंस, हे सगळं मी इथं सगळ्यांना सांगतो.

काम थोडं लांबलंय, महिनाभर तरी इथंच आहे. काल मुद्दाम नाही, कामासाठीच टेकडीकडे गेलो होतो. मालकिणीनं मला रस्त्यातच थांबवलं आणि कागदात गुंडाळलेला तुझा करडा मफलर हातात ठेवला. बहीण खुर्चीवर विसरून गेली, म्हणाली.

त्या दुपारी बाजारात रस्ता चुकल्याचं तू आम्हाला सांगितलंस. आम्ही दोघं स्टेशनसमोर येरझाऱ्या घालत होतो. मी रागावलेलो नाही. पण काय झालं ते मला सांग, नाहीतर मी रोज त्या भिंतीखाली जाऊन उभा राहीन, असं मला वाटायला लागलंय.

तुझा,
टिल्लू


ता. २४ मे

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

मफलर तूच वापर. आणि त्या भिंतीखाली जाऊ नकोस. का ते सांगते.

हो, गेले होते. त्याचसाठी तुमच्याबरोबर आले होते, आणि हे तुलाही ठाऊक होतं असं मला वाटतं. शेवटच्या थांब्यापर्यंत ट्राममध्ये बसून राहायचं, एवढंच तर करायचं होतं. त्या बाईनं मला बघितलं आणि लिफ्टचं जाळीचं दार ओढून धरलं. मी ठरवून गेले होते, टिल्लू, ते तुला आता सांगते. माझ्या डोक्यात पुढची काही योजना नव्हती. परतीच्या तिकिटाचा मी विचारच केला नव्हता. ते दिसले की मी त्यांच्याकडे जाणार होते. मजला आहे की नाही, हे मी बघणार नव्हते.

खिडकी उघडी होती. मी खुर्ची पुढं ओढली. दुपारचं ऊन समोरच्या भिंतीवर होतं. ते आले. तू लिहिलंस तसेच, गालांवर मांस असलेले, चष्मा डोक्यावर, आणि हात टेबलावर चाचपडतायत. मी उठून उभी राहिले. एक हात चौकटीवर ठेवला होता. खालचा रस्ता मला दिसतच नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या मागून एक बाई आली. तिनं त्यांच्या डोक्यावरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, न बघता, सवयीनं. मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग ती उजेडात आली. ती मी होते.

पण आत्ताची मी नाही. बरीच म्हातारी. आपली आई शेवटी शेवटी दिसायची तशी. केस विरळ, पाठीला पोक, हात थरथरतायत. हे तिला धरून चालवत होते, टिल्लू, आणि माझ्या लक्षात आलं की ती नुकतीच तिथं आली आहे. तिला खोलीतल्या वस्तूंच्या जागा ठाऊक नव्हत्या.

तिनं मला पाहिलं. ह्यांनी नाही पाहिलं, तिनं पाहिलं. आणि उजवा हात उचलून पंजा माझ्याकडे केला. मी वॉर्डाच्या दारात नातेवाइकांना तसा थांबवायची, किती वेळा तशी उभी राहिले असेन: थांबा, अजून वेळ आहे. आवाज आला नाही, पण एवढं मला ऐकू यायची गरज नव्हती. मग तिनं पडदा ओढला. तिथं पडदा होता, टिल्लू. त्याच्यामागे दिवा लागल्यासारखा झाला, आणि मग नुसतं आकाश दिसलं.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. चौकटीवरचा हात काढायला मला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली. खाली आले तेव्हा मालकिणीनं मला पाणी दिलं आणि ट्रामचा थांबा दाखवला.

तुला भीती वाटत असेल. मलाही वाटते, पण तुला वाटते ती नाही. ते तिथं आहेत आणि बरे आहेत, हे मी पाहिलं. माझी तिथली जागा भरलेली आहे, हेही पाहिलं. पण ती बाई फार म्हातारी होती. तिच्या वयाची होईपर्यंत मला इथं राहायचंय, आणि एवढ्या वर्षांचं करायचं काय हे मी अजून ठरवलेलंच नाही. गेल्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र मिळेल म्हणाले. तेव्हा फोनवर ओरडायची सवय मोड.

पुढच्या वर्षी आपण तिघं कुठं जायचं त्याचा विचार आत्तापासून करून ठेव. हॉटेल मी निवडीन.

इथं सगळं ठीक. तिथं तू स्वतःला सांभाळ, आणि आमची आठवण पुसट होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का