चहाबरोबर हाडांच्या वड्या

आदरणीय व्याहीबुवा माझ्या थोरल्या भावासारखे, म्हणून अका, असे हायितबाय अका यांना मर्गिलानच्या तुराबजानचा, जागेवरून उठून, छातीवर हात ठेवून सलाम.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? विहीणबाईंचा रक्तदाब उतरला का? भट्टी नीट पेटते ना, भांडी तडकत तर नाहीत? गाय व्यायली का? (व्यायली असेल तर वासराला वाऱ्यात बांधू नका. आमचं एक तसंच गेलं.) आणि मुयस्सर कशी आहे? ती तुमची मुलगी, तेव्हा मी विचारणं बरं दिसत नाही; पण ती माझी सूनही आहे, म्हणून विचारतो. निघताना ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, चार दिवस आईकडे जाऊन येऊ?" अशा वेळी सासऱ्याने नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी म्हणालो, "जा बाळा." ते चार दिवस केव्हाच सरले. आमच्या मोहल्ल्यात मध्यंतरी बोललं जात होतं की मुयस्सर सासऱ्याला उपाशी मारत होती आणि तोंड लपवायला माहेरी पळाली. हे तुमच्या कानावर आलं असेल, या काळजीने माझा डोळा लागत नाही. हे खोटं आहे. तिचं नाव माझ्यामुळे खराब झालं, आणि कसं झालं ते सगळं खरं खरं लिहितो. मी शाळा फार पाहिलेली नाही, तेव्हा कुठे वाक्य अडखळलं तर तुम्ही हात धरून पुढे न्या.

हिवाळ्यापासून माझं पोट माझं राहिलं नव्हतं. बुद्धिबळाचा एक डाव पुरा बसून खेळता येईना. प्यादं हलवलं की मला हलावं लागे. मुयस्सरने मला फरगानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून सांगितलं की आतलं अस्तर झिजलंय, ते भरून येईपर्यंत नान नाही, भात नाही, दूध-दही नाही, साखर नाही, कडधान्य नाही, सुका मेवा नाही. मी विचारलं, "मग उरलं काय?" त्या म्हणाल्या, "हाडांचा रस्सा, उकडलेलं मांस, शिजवलेलं गाजर, भोपळा आणि आंबवलेल्या कोबीचं पाणी." (ते चित्र मी घरी आणलं होतं. शुहरतने, म्हणजे तुमच्या जावयाने, ते आपल्या बसच्या रस्त्याचा नकाशा समजून गाडीत ठेवलं.)

अका, जेवणाचं मी सोसलं. रस्सा चांगला असतो, मांस तर आपलंच आहे. खरा प्रश्न चार वाजताचा. चायखान्यात चार म्हातारे बसले की मधल्या कापडावर काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. राखेत भाजलेल्या जर्दाळूच्या बिया, अक्रोड, मनुका, फुटाणे, खडीसाखर, आणि कुरुत. कुरुत म्हणजे काय मोठं अन्न आहे? वाळवलेल्या दह्याची खारट गोळी, पण ती गालात धरून माणूस अर्धी दुपार काढतो. पोट भरायला हे कोण खातं? हाताला चाळा हवा, दाताला काम हवं, आणि दुसरा बोलत असताना आपल्याला गप्प बसायला कारण हवं. मी रिकाम्या हाताने बसू लागलो तर दोन भांडणं झाली.

हे मुयस्सरच्या लक्षात आलं, मी सांगितलं नव्हतं. तिने नान काढून झाल्यावर निवत चाललेल्या तंदूरमध्ये भोपळ्याच्या चकत्या लावल्या आणि मेंढीच्या शेपटीच्या चरबीत घोळून कुरकुरीत केल्या. पिवळ्या गाजराच्या काड्या मिठात वाळवल्या. आणि मेंढीचे पाये दिवसभर उकळून, रस्सा थाळीत ओतून, विहिरीत गार करून त्याच्या वड्या पाडल्या. थरथरत्या, अंबरासारख्या, मधोमध लसणाची पाकळी दिसते. खोटं कशाला बोलू, पहिली वडी पाहून मला वाटलं ही माझ्याकडेच बघतेय. पण तोंडात टाकली तर हळूहळू विरघळली आणि मला माझ्या आईचा रस्सा आठवला. पोटही शांत झालं. महिनाभरात मी एका लग्नाला सबंध बसलो, मध्ये एकदाही उठलो नाही.

चूक एवढीच झाली की त्या वड्या मी अंगरख्याच्या खिशात घालून चायखान्यात नेल्या. दिवस उन्हाळ्याचे. चारपर्यंत खिशात वड्या नव्हत्या, खिसाच रस्सा झाला होता. मामारसूलने (तो माझा पन्नास वर्षांपासूनचा सोबती, बुद्धिबळातला) ओला डाग पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुराबजान, कधीपासून होतंय असं?" मी म्हणालो, "मेंढीचा रस्सा आहे." तो म्हणाला, "असू दे, असू दे. माझ्या वडिलांनाही असंच झालं होतं." त्याचे वडील त्यानंतर लगेच गेले, हे सगळ्या चायखान्याला ठाऊक आहे.

त्यातून त्याच दिवशी नान आला, तंदूरमधून नुकताच काढलेला, वर काळे तीळ. सगळ्यांत वयाने मोठा मी, तेव्हा मोडायचा मी. आणि मला कळून चुकलं की हा गरम नान हातात घेतला तर तो माझ्याच तोंडात जाणार, मग वर आकाश कोसळो. म्हणून मी तो दोन्ही हातांनी मामारसूलपुढे सरकवला आणि म्हणालो, "आजपासून तू मोडत जा." मला म्हणायचं होतं, पोट बरं होईपर्यंत. पण ते शब्द मी गिळले, कारण तोंडाला पाणी सुटलं होतं आणि त्याच्याबरोबर तेही गेले. कोणीतरी टोपी काढून पुन्हा घातली. माणूस आपला नान मोडायचा मान दुसऱ्याच्या हवाली करतो तो मरण जवळ आलं की, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक निरोप घ्यायला येऊ लागले. आपल्याकडची रीत, जाणाऱ्याची माफी मागून मोकळं व्हायचं. "माझ्यावर राजी राहा, तुराबजान अका," म्हणत एकेक जण बसला आणि एकेक गोष्ट बाहेर पडली. माझं तुतीचं झाड कोणी तोडलं, माझा लाल कोंबडा कोणाच्या पातेल्यात गेला. मामारसूल तर रडला. मी उठून गेलो की तो माझा उंट एक घर मागे सरकवत असे. गेला सबंध हिवाळा त्याने तेच केलं होतं. मी म्हणालो, "मी मरत नाही रे." तो म्हणाला, "धीराचा आहेस," आणि पुन्हा रडला. येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे दोन-दोन नान, अक्रोड, हलवा, खडीसाखर घेऊन येई. ज्या घरात मला एक मनुका मिळत नव्हती त्या घरात अक्रोडांची पोती झाली. मुयस्सर सगळ्यांसाठी कापड अंथरी, चहा ओती, आणि माझ्यापुढे निळ्या बशीत दोन वड्या आणून ठेवी. शेजारची ओयखान हे सगळं पाहत होती. तिने पाण्याच्या नळावर सांगितलं, "पाहुण्यांना हलवा आणि म्हाताऱ्याला हाडांचं पाणी! तेही मोजून!"

आता पुढचंही लिहायलाच हवं. एक दिवस पाहुणे गेले, मुयस्सर गाईकडे गेली, आणि मी त्या पसाऱ्यासमोर एकटाच उरलो. मी एक कुरुत उचलला. फक्त गालात धरायला. मग त्याला सोबत म्हणून अक्रोड, अक्रोडाला सोबत नान, आणि नान कोरडा कसा खायचा म्हणून हलवा. संध्याकाळपर्यंत मी अंगणात आडवा होतो आणि अख्खा मोहल्ला भोवती उभा होता. ओयखान मुयस्सरच्या तोंडावर म्हणाली, "समाधान झालं तुझं?"

अका, मी तिथल्या तिथे, पोट धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो की हिने काही केलं नाही, मीच चोरून खाल्लं, तिची काहीएक चूक नाही. याचा परिणाम काय झाला? बायका पदराने डोळे टिपू लागल्या. "बघा, या घडीलाही सुनेवर पांघरूण घालतोय," असं म्हणाल्या. मी जितका जास्त ओरडलो तितका मी थोर झालो आणि ती तितकी वाईट. तिने मला कोबीचं पाणी पाजलं, दोन दिवस रस्सा पाजून उभं केलं, आणि मग आईकडे जाऊ का म्हणून विचारलं.

त्यानंतर मी मरत नाही हे सिद्ध करायला चायखान्यात जाऊन स्वतः नान मोडला, वाटला, एक कणही न खाता. त्यातून फार वाईट झालं. ज्यांनी माफी मागितली होती त्यांना माझं जगणं अपमानासारखं वाटतंय. कोंबडावाला माझ्याशी बोलत नाही. मामारसूल बुद्धिबळाचा पट घेऊन दुसऱ्या चायखान्यात जातो. पण निदान एक झालं, ओयखान गप्प झाली. मेलो नाही म्हणजे कोणी मारलं नाही, एवढा हिशोब तिलाही जमला. तेव्हा मुयस्सरचं नाव आता आमच्याकडे स्वच्छ आहे, हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच हे पत्र. दुसरा काही हेतू नाही. विहीणबाईंना सलाम, लहानांच्या डोक्यावरून हात.

तुमचा,
तुराबजान

ता. क. मुयस्सरला सहज विचाराल का, पाये उकळताना पाणी किती ठेवायचं? शुहरतने दोनदा केलं, वडी जमत नाही. पहिल्यांदा पाणीच राहिलं, दुसऱ्यांदा पातेलं फेकावं लागलं. सध्या तो मला उकडलेलं गाजर देतो आणि मी खाईपर्यंत समोर उभा राहतो. मी तिला बोलावतोय असं तिला वाटू देऊ नका. तिने हवे तितके दिवस राहावं. फक्त आमच्या अंगणातले भोपळे तयार झाले आहेत.

आणखी ता. क. आता लिहिलंच आहे तर हेही लिहितो. मी मर्गिलानहून लिहीत नाही. शुहरतने सकाळी मला इथे रिश्तानला, तुमच्या गल्लीसमोरच्या चायखान्यात उतरवलं. सासऱ्याने सुनेला न्यायला स्वतः यायचं नसतं हे मला कळतं. शिवाय तुमच्या दारात आलो की आधी नान पुढे येणार. मोडला नाही तर तुम्हाला वाटेल मी रागावून आलोय, आणि मोडला तर मी खाणार. म्हणून दारात न येता इथूनच पत्र लिहायला घेतलं. इथल्या मालकाने माझ्यापुढे फुटाणे ठेवलेत. मी ते शेजारच्या माणसाकडे सरकवलेत.

शेवटचं. आत्ता मुयस्सर दारापुढे पाणी शिंपडायला बाहेर आली. तिने इकडे पाहिलं. मी पत्र तोंडासमोर धरलं, पण टोपी वरून दिसत असावी. ती आत गेली. मला वाटलं संपलं. आता ती पुन्हा बाहेर आली आहे, हातात झाकलेली निळी बशी आहे, आणि गल्ली ओलांडून इकडेच येतेय. पत्र तिच्याच हाती देतो. वर कुठे तक्रारीचा सूर लागला असेल तर तो तुम्ही वाचला नाही असं समजा, आणि तिलाही वाचून दाखवू नका. तिने बशी खाली ठेवली. विचारतेय, "बाबा, सकाळपासून काय खाल्लंत?" काय उत्तर देऊ, अका? काहीच खाल्लं नाही हे खरं आहे, पण ती मानेल का?