खदान पहिलं

वणी,
७ सप्टेंबर २०२५

प्रिय देवीलाल,

तुला जय सेवालाल. वहिनींना आणि मुलांना आमचा जय भीम. इकडे सगळे ठीक. दीपमालाचा गुडघा आता दुखत नाही. सुरभी नागपूरहून सुट्टीला आली होती, काल परत कामावर गेली. पाऊस जास्त झाला, इकडचं सोयाबीन पिवळं पडलं. आर्णीकडे कपाशी बरी असेल.

तुझे फोन आलेले पाहिले. मेसेजही वाचला. "पोळ्याले आला नाही, फोन उचलत नाही. साहेब झाला का बे?" साहेब झालो नाही. मला डंपरवरून मात्र उतरवलं. आता खाणीच्या वर्कशॉपमध्ये बसतो, नटबोल्ट देतो. सावली आहे, पंखा आहे. त्याबद्दल पुढे लिहीन.

आधी क्रमवारी. मी ती बदलली आहे.

परवा सुरभीने विचारलं, "बाबा, गाण्यांना ही असली नावं कोणी ठेवली?" मी तिला सगळं सांगितलं. यवतमाळच्या दुकानदाराने विलायती बँडची आठ गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून दिली, नावं लिहिली नाहीत. आयटीआयच्या होस्टेलात आपणच त्यांचं बारसं केलं. डंपर. नेरची बस. सासू-सून, कारण त्यातल्या दोन गिटारी एकमेकींना बोलू देत नाहीत. बासरीवालं. खदान. ती म्हणाली, "मोबाइलवर खरी नावं आहेत, वाचून दाखवू?" मी नको म्हटलं. हीच खरी आहेत.

नियमही सांगितला. दर पोळ्याला, बैल घरी आले आणि आपलं जेवण झालं, की क्रम लावायचा. एखादं गाणं वर चढवायचं तर कोणतं खाली जातं ते सांगायचं. आणि खाली जाणारं गाणं दोघांनी सोबत बसून ऐकायचं, मगच ढकलायचं. ती हसली. "एवढा न्याय तर ग्रामसभेत बी नाही भेटत."

तर, खदान पहिलं.

तू दर वर्षी त्याच्यासाठी भांडलास. मी दर वर्षी ते शेवटी ठेवलं. "त्यात काही होतच नाही," मी म्हणायचो. तू म्हणायचास, "होते बे. खाली होते." खाली म्हणजे कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

सुरभीने येताना मोठा स्पीकर आणला. ठेवायला जागा नव्हती म्हणून गव्हाच्या कोठीवर ठेवला. पत्र्याची कोठी, अर्धी भरलेली. दुपारची वेळ होती. तिने खदान लावलं. मी कोठीला पाठ टेकून उभा होतो. वाटलं, खाणीत सुरुंग उडाला. पण ते थांबलं नाही. पत्र्यातून पाठीत आलं. कुणीतरी चालत होतं.

मी वळलो. दोन्ही तळहात पत्र्यावर ठेवले, मग गाल ठेवला. चालणाऱ्याला घाई नव्हती. दोन पावलं टाकायचा आणि जिथे तिसरं पडायला हवं तिथे पाडायचाच नाही. मी त्या रिकाम्या जागेवर थांबून राहायचो. मग तो भलतीकडूनच यायचा, आणि तेच बरोबर असायचं. आत गहू हलत होता. देवीलाल, इतकी वर्षं मी हे गाणं ऐकलं आणि या माणसाला भेटलोच नव्हतो. गायक, गिटारी, सगळे याच्या पाठीवर बसून गेले, आणि याने एकदाही मान वर केली नाही.

दीपमाला समोर येऊन उभी राहिली. "कोठीले काहून चिकटून राह्यले? नवी बायको हाय का थे?" तिचे ओठ पाहून कळलं. मी तिचा हात धरून पत्र्यावर ठेवला. गाणं संपेपर्यंत तिने हात काढला नाही.

सुरभी समोर येऊन म्हणाली, "याला बेस म्हणतात, बाबा." ती आता समोर येऊनच बोलते.

खाली बासरीवालं जातं. पहिल्या वर्षापासून माझं पहिलं होतं ते. आधी बारीक झांजा, मग बासरी. सुरभीने ते परत परत लावलं. स्पीकरचा दिवा चालू होता. कोठी गप्प होती. मी म्हटलं, बिघडला असेल. तिने मान खाली घातली.

लिहूनच टाकतो. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कान तपासले. कागदावर रेघ दाखवली. थोडी सपाट, मग खदानीच्या पायऱ्यांसारखी खाली. वरचे, बारीक आवाज गेले. ते परत येत नाहीत. जाड आवाज अजून आहेत. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. कानात मशीन घातलं की भांडी, गाडी, माणूस, सगळं एकाच पातेल्यात पडतं. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून उचलला नाही. आणि पोळ्याला आलो असतो तर तू कॅसेट लावली असतीस. बासरी आली की तू नेहमी माझ्या तोंडाकडे पाहतोस.

गाण्यांतले शब्द आपल्याला कधी कळलेच नव्हते. तेवढं एक नुकसान वाचलं.

पण नियम आहे. बासरीवाल्याला मी एकटा ढकलू शकत नाही. दोघांनी ऐकायला हवं. तेव्हा तू ये. कोठीजवळ बसू. माझा एक हात पत्र्यावर असेल, दुसरा तुझ्याकडे देईन. बासरी सुरू झाली की मनगट दाब. थांबली की सोड. मग ते गाणं कितवं, ते तू सांग. तू म्हणशील तिथे ठेवू. खदानवरून मात्र मी हटणार नाही.

येण्याआधी फोन करू नकोस. कडीही वाजवू नकोस. दार नुसतं लोटलेलं असतं. सरळ आत ये आणि माझ्यासमोर उभा राहा.

मनगट तुझ्या हवाली,
राजदीप