एकाच नळीतलं प्रथिन

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. इतिहासाला तपशील लागतो. पार्सल आलं. माणसाच्या शरीरात सूज पेटवणारं प्रथिन, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. एवढीशी कुपी, तळाशी काहीच दिसत नाही. शेजारच्या टेबलावरचा शंकासुर म्हणाला, रिकामीच पाठवली वाटतं. अज्ञानाशी मी वाद घालत नाही.
बेत सरळ आहे. पेशींवर प्रथिन घालायचं. सूज पेटली की तपासणीत रंग पिवळा येतो. मग माझं औषध घालून ती विझवायची. बायकोची सुजलेली बोटं अर्धवट डॉक्टरांच्या हाती कशाला द्यायची? संधिवात माझ्याच घरात आलाय, मीच घालवीन.

६ जानेवारी
प्रथिन विरघळवलं. सोबतचा कागद म्हणतो, लगेच छोट्या नळ्यांत वाटून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. वीस नळ्या, वीस चिठ्ठ्या! कारकुनी काम. तूर्त एकाच नळीत ठेवलं. शनिवारी वाटीन. नक्की.

८ जानेवारी
हिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आजच सुरू करा. मी वीस मिनिटं बोललो. बाहेरचे पेशंटही ऐकत होते. हिला म्हटलं, मला तीन महिने दे. ही म्हणाली, बरं. गोळ्यांची चिठ्ठी माझ्या खिशात.

१० जानेवारी
शनिवार. सुटीच्या दिवशी माणसानं वाचावं. पुढच्या शनिवारी.

२८ जानेवारी
नळी वितळवली, वापरली, गोठवली. पाचवी वेळ. पिवळा रंग निम्म्यावर! औषध लागू पडतंय.
सकाळी ही म्हणाली, अहो, डब्याचं झाकण तेवढं लावून द्या. घाई होती. म्हटलं, जोर लाव. तिनं डबा रुमालात बांधून दिला.

२० फेब्रुवारी
औषधाचा डोस दहापट कमी केला, तरी पिवळं जवळजवळ नाहीच. डोस कमी, गुण जास्त! शंकासुर विचारतो, औषधाशिवायची तपासणी कधी केलीस? केली होती की, पहिल्या दिवशी. दरवेळी करून प्रथिन कशाला उधळायचं?

१८ मार्च
विभागात माझं भाषण. चाळीस मिनिटं. मूठ दोनदा आपटली. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, छान. आता एकदा औषध न घालता करून दाखवा.
घरी सांगितलं, जिंकलो. हिनं टाळी वाजवली. आवाज आला नाही.

२० मार्च
औषध न घालता केलं. तरीही पिवळं नाही. दोष तपासणीच्या प्लेटचा असणार.

२१ मार्च, दुपारी
प्लेटचा नाही. शंकासुराकडे हेच प्रथिन आहे, छोट्या नळ्यांत वाटलेलं. त्यानं एक नळी दिली. रंग पिवळाधमक. माझं औषध घातलं, तरी तेवढाच पिवळा. म्हणजे दर वितळवण्यागणिक मरत होतं ते माझ्या नळीतलं प्रथिन.
शंकासुर हसला नाही. हसायला हवा होता.

२३ मार्च
चिठ्ठी खिशात चार घड्यांवर विरली होती. डॉक्टरांनी नवी लिहिली. एक्स-रे दिव्यासमोर धरला. गोळ्यांनी पुढचं थांबेल, म्हणाले, झिजलेलं भरून येणार नाही.
बाहेर आल्यावर नळीचं सगळं सांगितलं, तर हिनं विचारलं, तुमच्या प्रथिनाचं काही करता येईल का हो?

२४ मार्च
सकाळी डब्याचं झाकण मी लावलं. ही म्हणाली, आज घाई नाही वाटतं?
नाही म्हटलं.